औषध थोडीच आहे, जडीबुटी आहे

गोंदियाच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर तिरोड्याकडची एक बाई होती. साखर वाढली म्हणून भरती झालेली. मी बोलण्याइतपत बरी झाल्यावर तिनं मला विचारलं, "तुले काय झालं व?"

मी म्हटलं, "ताकद यावी म्हणून पावडर घेतली, होती तेवढी ताकद गेली."

ती हसली. मग इकडेतिकडे बघून तिनं उशीखालून कागदाची एक पुडी काढली. "माही तं साखरेची आहे. जावई आणून देते. डॉक्टरले नाही सांगतलं. जडीबुटीच आहे ना."

ती पुडी मी तिला सिस्टरला दाखवायला लावली आणि तेव्हाच ठरवलं, बरी झाले की हे सगळं लिहून काढायचं. मी लग्नाचा स्वयंपाक करणारी बाई. बारावीपर्यंत शिकले, त्यानंतर हातात पेन कमी आणि झारा जास्त. पण मी वाढलेलं ताटात कोणी टाकत नाही, असा माझा आजवरचा अनुभव आहे. हेही कोणी टाकू नये.

तरतरी

माझं नाव शालिनी. आमगावात राहते. माझे मालक हेमराज पंपाच्या मोटरी दुरुस्त करतात. मुलगी अस्मिता रोज रेल्वेनं गोंदियाला कॉलेजला जाते. मी सात-आठ बायांना घेऊन आजूबाजूच्या गावांत लग्नाचा, बारशाचा स्वयंपाक करते. भात, वरण, आलू-वांग्याची भाजी, बुंदी. किती माणूस आहे ते सांगा आणि निर्धास्त राहा, असं मी यजमानांना सांगते आणि तसंच होतं.

आजारी पडायच्या आधी बऱ्याच दिवसांपासून मला थकवा होता. चार पायऱ्या चढले की धाप लागायची. पाळीच्या वेळी अंगावरून खूप जायचं. चाळिशी उलटली की बाईला असं होतंच, असं माझी आई म्हणायची, शेजारीण म्हणायची आणि मीही तेच म्हणायची. तपासून घ्यायला कोणी नको म्हटलं नव्हतं. लग्नसराई संपू दे, मग बघू, असं करत दोन लग्नसराया गेल्या.

निर्मला माझी नणंद, मालकांची धाकटी बहीण. आमच्याच मोहल्ल्यात राहते. नवरा अपघातात गेला तेव्हा ती तिशीचीही नव्हती. सासरी फार दिवस टिकली नाही, पण माहेरी येऊन कोणावर ओझंही झाली नाही. एका कंपनीची पावडर विकायला लागली. एकानं दुसऱ्याला विकायची, दुसऱ्यानं तिसऱ्याला, अशी ती कंपनी. गोंदियाच्या एका हॉलमध्ये तिला स्टेजवर बोलावून शाल दिली, माइकवर तिचं नाव घेतलं. तो फोटो तिनं बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली लावला होता. तिला हसणाऱ्यांतली मी नव्हते. एकट्या बाईला कोणीतरी मान दिला, याचं मला बरंच वाटलं होतं.

एक दिवस मी तिच्या अंगणात बसल्या बसल्या डुलकी घेतली. ती म्हणाली, "वहिनी, असं कसं चालन? हे घेऊन पाहा. औषध थोडीच आहे, जडीबुटी आहे. काही अपाय नाही."

हिरवट-तपकिरी पूड होती. डब्यावर पानांची आणि मुळांची चित्रं. सकाळी गरम पाण्यात चमचाभर घ्यायची.

आता जे खरं आहे ते सांगते. पहिल्याच दिवशी फरक पडला. डोळे लख्ख उघडले. दिवसभर उभी राहिले, पाय दुखले नाहीत. भूक मेली, तेही बरंच वाटलं. महिन्याभरात ब्लाउज सैल झाले. बाया म्हणायच्या, "शालूबाई, कशी तरतरीत दिसून राहिली." अशा पावडरीनं काही होत नाही, ती नुसती माती असते, असं जे म्हणतात ते चूक आहे. काही होत नसतं तर मी आठ दिवसांत सोडली असती. होतं, म्हणूनच माणूस तिच्या नादी लागतो.

हळूहळू सकाळच्या चमच्यानं दुपारपर्यंत भागेना. मग दुपारी दुसरा. झोप उडाली. तोंड सतत कोरडं. अस्मितानं साधं काही विचारलं तरी मी खेकसायची. माझ्यासोबतची सगळ्यात जुनी बाई म्हणजे सिंधूबाई. तिनं एका लग्नात माझ्या हातातला डाव काढून घेतला. "तुह्या हाताले काय झालं? वरण सांडून राहिलं."

मी म्हटलं, "काही नाही, उन्हानं होते."

छातीत धडधड व्हायला लागली तेव्हा मी निर्मलाला सांगितलं. तिनं माझ्यासमोरच कंपनीतल्या तिच्या वरच्या माणसाला फोन लावला. स्पीकरवर तो म्हणाला, "अच्छा लक्षण है दीदी. शरीर की गंदगी निकल रही है. डोस बंद मत करो."

निर्मलाला ते पटलं. मलाही पटलं. धडधडणं हे बरं होण्याचं लक्षण आहे असं कोणी ठामपणे सांगितलं, की भीती वाटण्याऐवजी धीर येतो. त्यातच मला सर्दी झाली होती. दुकानातून सर्दीच्या गोळ्या आणल्या आणि त्याही सोबत घेत राहिले.

भाजी उतरवा

वैशाखातलं लग्न होतं, आमगावपासून जवळच्याच एका गावात. मांडवामागे भट्ट्या लावल्या होत्या. वरात दारात आली होती आणि बुंदी आधीच झाली होती. मी आलू-वांग्याच्या कढईजवळ उभी होते.

अचानक छातीत काहीतरी सुटलं. याआधीची धडधड म्हणजे पळाल्यावर होते तशी होती. ही वेगळी होती. पोत्यात कोंबडी घालून तोंड बांधावं आणि तिनं आत फडफडावं, तसं. थांबेचना. गळ्यापर्यंत ठोके लागत होते. हातातला झारा मी नीट खाली ठेवला एवढं आठवतं, कारण गरम तेलात पडू नये असं वाटलं. मग खाली बसले. डोळ्यांपुढे अंधार आला.

सिंधूबाईनं पाणी मारलं. कोणी म्हणालं ऊन लागलं, कांदा फोडा. नवरीचे काका गाडी घेऊन आले. मला उचलून गाडीत घालत होते तेव्हा मी म्हणत होते, "भाजी उतरवा, खाली लागन. भाताले वाफ येऊ द्या, झाकण काढू नका." सिंधूबाई आजही ते सांगून हसते. त्या दिवशी ती रडत होती.

जेवण वेळेवर झालं. कोणी उपाशी गेलं नाही. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं आणि फार बरं वाटलं.

काही नाही

गोंदियाला पोचलो तेव्हा माझे ओठ पांढरे पडले होते, असं मालक सांगतात. ते दुकानातून तसेच, ग्रीसच्या हातांनी आले होते. छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी निघाली. डॉक्टर मॅडम तरुण होत्या, नागपूरकडच्या. पट्टी बघून त्यांनी सिस्टरला भराभर काहीतरी सांगितलं, पण माझ्याशी बोलताना आवाज अगदी शांत.

"ताई, तुमचं हृदय फार वेगानं पळून राहिलं. एक इंजेक्शन देते. क्षणभर फार वाईट वाटेल, पण ते लगेच जाईल. मी इथेच आहे."

त्यांनी सांगितलं ते बरं केलं. कारण त्या क्षणी मला वाटलं, मी विहिरीत पडते आहे आणि तळ नाही. छातीतलं सगळं थांबलं. मी मालकांचा हात इतका घट्ट धरला की ग्रीस माझ्या बोटांना लागलं. मग एक ठोका आला. दुसरा आला. मग ते आपापले, सावकाश, शहाण्यासारखे पडू लागले. इतक्या दिवसांत आपलं हृदय कसं चालायचं ते मी विसरूनच गेले होते.

मॅडमनी विचारलं, "पहिले कधी असं झालं होतं का? बीपी, थायरॉईड? कोणतं औषध चालू आहे?"

"काही नाही," मी म्हटलं. सर्दीच्या गोळ्याही आठवल्या नाहीत.

मालकांकडे बघितलं. तेही म्हणाले, "नाही मॅडम. ही कधी गोळीच खात नाही."

आम्ही खोटं बोललो नाही. हेच या साऱ्या गोष्टीचं मूळ आहे, म्हणून जरा थांबून सांगते. औषध म्हणजे गोळी, इंजेक्शन, बाटली. डॉक्टरनं लिहून दिलेलं ते औषध. रोज सकाळी पाण्यात ढवळून घेतो ती पावडर आमच्या डोक्यात चहा-साखरेच्या रांगेत बसलेली होती. मॅडमनी विचारलं असतं, "सकाळपासून पोटात काय काय जातं?" तर मी पहिलं नाव तिचंच घेतलं असतं.

गिलास

मला वॉर्डात हलवलं. पहाटे झाडू मारणाऱ्या बाईची बादली, मग रक्त घेणारा माणूस, मग चहा, मग डॉक्टरांचा राउंड. राउंडच्या आधी सगळ्या नातेवाइकांना बाहेर काढायचे आणि आम्ही बाया आपापल्या चादरी सरळ करून बसायचो, जसं काही आजारापेक्षा सुरकुती दिसणं वाईट. रुळांवरून गाडी गेली की खिडकीची काच हलायची. आवाजावरून ही मालगाडी, ही लोकल असं मी ओळखायला लागले होते.

भीती होती. उताणी झोपायला भीती वाटायची, कारण उताणं झालं की ठोके ऐकू यायचे. एकेक ठोका मी मोजून बघायची आणि आता हा पुढचा येईल ना, याची वाट बघायची. तपासण्या चालू होत्या. हृदयाचं चित्र काढलं, ते चांगलं निघालं. मग झालं कशानं, ते कोणालाच कळेना.

आणि पावडर नव्हती म्हणून डोकं फुटत होतं, अंग ओल्या पोत्यासारखं जड. मला वाटलं, ही आजारपणाची कमजोरी.

दुपारी भेटायच्या वेळेला निर्मला आली. माझा हात हातात घेऊन रडली. मग पिशवीतून थर्मास काढला आणि डबा काढला. "दवाखान्याचं खाऊन माणूस अजूनच कमजोर होते, वहिनी. हे घ्या. आज दोन चमचे टाकतो."

मी घेतलं. तिनं प्रेमानं दिलं आणि मी विश्वासानं घेतलं. मालक शेजारीच उभे होते, त्यांनीच गिलास धरला.

थोड्या वेळात कान गरम झाले. मग पोत्यातली कोंबडी परत फडफडायला लागली. शेजारची तिरोड्याची बाई "सिस्टर, सिस्टर" म्हणून ओरडली. सिस्टर बालाघाटकडच्या, हिंदी बोलणाऱ्या. त्या धावत आल्या, नाडी धरली, डॉक्टरांना बोलवायला सांगितलं, आणि तेवढ्यात त्यांची नजर स्टुलावरच्या गिलासावर गेली. तळाशी हिरवा गाळ होता.

"ये क्या पिया दीदी?"

"कुछ नहीं," मी म्हटलं. "जडीबुटी है."

"कब से पी रहे हो?"

निर्मलानं उत्तर दिलं, अभिमानानंच. "दिवाली से. रोज दो बार."

सिस्टरनी गिलास ओतून टाकला नाही, धुवायलाही दिला नाही. त्यावर बशी झाकून तो बाजूला ठेवला आणि निर्मलाच्या हातातून डबा मागून घेतला. परत ते इंजेक्शन. परत ती तळ नसलेली विहीर. दुसऱ्यांदा ती कमी भयानक नव्हती.

धोतरा

संध्याकाळी मॅडम आल्या. डबा त्यांच्या हातात होता. मला वाटलं आता रागावणार. त्या स्टूल ओढून बसल्या.

"ताई, मी विचारलं होतं, कोणतं औषध घेता. तुम्ही नाही म्हणाल्या."

"औषध नाही घेत मॅडम. ही जडीबुटी आहे."

"धोतऱ्याच्या बिया खाल का तुम्ही?"

"नाही."

"काऊन?"

त्यांच्या तोंडून आमच्यासारखं "काऊन" ऐकून मला त्या परिस्थितीतही हसू आलं. "वेड लागते माणसाले."

"धोतरा झाडच आहे ना? कोणत्या कारखान्यात थोडीच बनते." मग डबा माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "यात काय काय आहे त्याची नावं लिहिली आहेत. कोणतं किती, ते नाही. यातली एक बी चहा-कॉफीच्या जातीची आहे, पण कितीतरी कडक. अजून एक वनस्पती आहे, तीही हृदय पळवते. दोन्ही एकत्र. वर तुमचा दिवसभराचा चहा. आणि सर्दीची गोळी वगैरे घेतली का मधे?"

घेतली होती. ते ऐकून त्यांनी मान हलवली. "तीही काही जणांचं हृदय पळवते. अशा पावडरीत कधी कधी न लिहिलेलं औषध मिसळलेलं सापडतं. यात आहे का, मला माहीत नाही. तुम्हाला माहीत नाही. विकणाऱ्यालाही नाही. कोणालाच माहीत नाही, धोका तिथेच आहे."

मग त्यांनी रक्ताची गोष्ट सांगितली. माझं हिमोग्लोबिन इतकं कमी होतं की मी उभी कशी राहत होते याचं त्यांना नवल वाटलं. गर्भाशयात गाठ होती, तिच्यामुळे महिन्या-महिन्याला रक्त जात होतं. म्हणजे माझा थकवा खरा होता, त्याला खरं कारण होतं आणि त्या कारणाला खरा इलाज होता.

"बैल थकला तं त्याले चारा देता का चाबूक?" मॅडमनी विचारलं. "तुम्ही इतके महिने चाबूक मारला."

मला रडू आलं. भीतीचं नाही. इतके दिवस मी स्वतःला आळशी समजत होते, ते एका वाक्यात सुटलं.

व्हरांडा

बाहेर व्हरांड्यात मालक आणि निर्मला भांडत होते. माझ्या खाटेपर्यंत शब्द येत होते.

"तुह्या वहिनीले मारलं असतं तू."

"मी कायले मारन? एवढ्या बाया घेतात, कोणाले काही नाही झालं. मी स्वतः घेतो ना."

"तं बंद कर."

"मंग खाऊ काय? तू पोसशील?"

निर्मला परत आत आली नाही. त्यानंतर ती दवाखान्यात फिरकलीच नाही.

मला तिचा राग आला नव्हता असं म्हणणार नाही. आला होता, आणि चांगलाच. उताणी पडून मी तिला मनातल्या मनात काय काय ऐकवलं. पण राग ताणून धरायला लागणारी ताकदही तेव्हा अंगात नव्हती. शिवाय मला तो स्पीकरवरचा आवाज आठवायचा. धडधडतं आहे ते चांगलं लक्षण आहे, असं म्हणणारा. त्यानं मला बघितलं नव्हतं, नाडी धरली नव्हती, आणि बोलला होता डॉक्टरपेक्षा ठामपणे. निर्मला त्याच आवाजावर विश्वास ठेवून जगत होती.

घरात मात्र ताण आला. मालक बहिणीचं नाव काढू देईनात. अस्मिताला आत्याचा फार लळा, ती मधल्यामधे अडकली. तिनं कॉलेजला दांडी मारून माझ्याजवळ राहायला सुरुवात केली. रोज सकाळी ती माझी वेणी घालायची. लहानपणी तिची वेणी घालताना मी ओढायची तशीच ओढायची. त्या ओढण्यानं जितकं बरं वाटलं तितकं क्वचितच कशानं वाटलं असेल. आणि मालकांनी आयुष्यात पहिल्यांदा भात शिजवून आणला. गोळा झाला होता. मी सगळा खाल्ला.

सोडल्यावर

पावडर सुटल्यावर पहिले काही दिवस फार वाईट गेले. डोकं ठणकायचं, सतत झोप यायची, कशातच मन लागायचं नाही. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं, असं होईल आणि ते जाईल. कोणी हे वाचून आपला डबा बंद करणार असेल, तर त्यांनाही मी सांगते, असं होतं आणि ते जातं. पण डॉक्टरला सांगून करा. आणि डॉक्टरनं लिहून दिलेली बीपीची, साखरेची गोळी मात्र मनानं सोडू नका, मी तसं म्हणत नाहीये.

लोहाच्या सलाईन लागल्या. काही महिने हृदयाची एक छोटी गोळी होती. गाठीचा इलाज पुढे नागपूरला झाला. घरी आल्यावर एका सकाळी मी अंगण झाडलं आणि झाडून झाल्यावर लक्षात आलं, मधे कुठे थांबलेच नाही. धाप लागली नव्हती. मी परत एकदा झाडलं, खात्री करायला.

माझा राग झाडपाल्यावर नाही. आमच्याकडे जंगल आहे आणि जंगल ओळखणारी माणसं आहेत. पण ती माणसं समोर बसून नाडी बघतात, काय दुखतं ते विचारतात, आणि हे तुला चालणार नाही असंही म्हणतात. त्या डब्यातली पूड म्हाताऱ्यालाही तीच, गरोदर बाईलाही तीच आणि माझ्यासारख्या रक्त नसलेल्या बाईलाही तीच.

दारोदार

पाऊसपाणी सुरू झाल्यावर एका दुपारी निर्मला दारात आली. बाहेरच उभी राहिली. मालक मोटर खोलून बसले होते, त्यांनी वर बघितलं नाही.

मी म्हटलं, "ये ना आत."

ती बसली. हात पदरात. म्हणाली, "दवाखान्यात गेलतो. बीपी पाहाले. त्या सिस्टरनं दोनदा मोजली. मशीन खराब आहे का काय, म्हणून दुसऱ्या मशीननं मोजली."

"मंग?"

"लई वाढून आहे. मले काहीच होत नव्हतं वहिनी. काहीच नाही."

मालकांनी पान्हा खाली ठेवला. उठून आत गेले आणि तिच्यासाठी पाणी घेऊन आले. बहीण-भावाचं भांडण तिथे मिटलं.

बीपी मोजली त्याच दिवशी तिनं पावडर घेणं सोडलं होतं. तिला सतावत होतं ते दुसरंच. तिनं ज्यांना ज्यांना विकली होती, त्यांचे चेहरे. "कोणाले सांगू, वहिनी? लोक मारतील मले."

"मी येतो सोबत," मी म्हटलं. "मले कोणी मारत नाही. माह्या हातचं सारे जेवले आहेत."

आम्ही घरोघर गेलो. काहींनी डबे लगेच दिले. काही हसल्या, आम्हाला तर काही होत नाही म्हणाल्या. एकीनं निर्मलाला नको नको ते ऐकवलं, ती मान खाली घालून ऐकत उभी राहिली. मी प्रत्येकीला एवढंच सांगत होते, सोडायची नसेल तर नको सोडू, पण डॉक्टरपुढे हा डबा घेऊन जा आणि तुझी बीपी मोजून घे. पुष्कळ जणी गेल्या. दोघींचं रक्त माझ्यासारखंच कमी निघालं.

रोशनी

सगळ्यात कठीण गेली ती रोशनी. जवळच्या गावातली मुलगी, पोलीस भरतीची तयारी करणारी. रोज पहाटे नहराच्या पाळीवर, म्हणजे कालव्याच्या बांधावर, धावायची. धावायच्या आधी पावडर, धावून झाल्यावर पावडर. तिचे वडील अंगणात आम्हाला चहा देत म्हणाले, "पोरगी हवेसारखी धावून राहिली."

रोशनी आली. गालफडं बसलेली. मी तिला माझी सारी गोष्ट सांगितली. तिनं ऐकून घेतली आणि म्हणाली, "मावशी, तुमचं वय वेगळं. माहं भरतीचं ग्राउंड जवळ आलं. आता सोडली तं टायमिंग जाईन."

"छातीत धडधडते का?"

"धावल्यावर साऱ्यांचंच धडधडते."

"बसल्यावर?"

तिचे वडील तिच्याकडे बघायला लागले.

"चक्कर आलती का?" मी विचारलं.

"एकदा. नहराच्या पाळीवर. बाबाले नाही सांगतलं."

वडिलांनी हातातली कपबशी खाली ठेवली. तरी ती म्हणाली, "पण आता नाही सोडत मी. इतकी मेहनत केली."

तेव्हा निर्मला बोलली. इतक्या घरांत ती एक शब्द बोलली नव्हती. "रोशनी, हे तुले कोणं आणून दिलं?"

"तुम्ही, आत्या."

"तू घेऊन राहिली नव्हती. तुही आई नको म्हणत होती. मी तुमच्या घरी तीनदा आलो. माह्या सांगण्यावर घेतली का नाही?"

"हो."

"मंग माह्या सांगण्यावरच सोड. तेव्हा मले माहीत नव्हतं. आता माहीत आहे."

रोशनी उठली. मग आत गेली आणि डबा घेऊन आली. निम्मा भरलेला होता. तिनं तो निर्मलाच्या हातात दिला नाही, वडिलांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं बसनं गोंदियाला गेलो. तिच्या छातीला तारा लावल्या तेव्हा पडद्याबाहेर मी उभी होते आणि माझेच ठोके मला ऐकू येत होते. पट्टी चांगली निघाली. मॅडम म्हणाल्या, वेळेवर आणली. काही दिवस आराम, मग हळूहळू धाव, आणि पोटभर खा.

आता मी परत लग्नं घेते. पहिल्यापेक्षा कमी घेते, मधे खुर्ची टाकून बसते आणि कोणाला त्याचं काही वाटत असेल तर वाटू देते. निर्मला माझ्यासोबत असते. वाढपाची सगळी बाजू तिच्याकडे आहे. दोनशे माणसांच्या पंगतीत कोणाचं ताट रिकामं आहे ते तिला मांडवाच्या टोकावरून दिसतं.

रोशनीचं ग्राउंड झालं. निकालाच्या दिवशी ती सायकलवर आमच्याकडे आली. चेहरा भरला होता. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "नाही झालं मावशी. थोडक्यासाठी गेलं."

निर्मलाचा चेहरा उतरला. तिला वाटलं, मुलगी आता आपल्याला बोलणार.

रोशनीनं चपला काढल्या, ओट्यावर बसली आणि भाताचा वास घेऊन विचारलं, "जेवाले आहे का काही?" मी ताट वाढलं. तिनं दोनदा भात घेतला, तिसऱ्यांदा वरण मागितलं. हात धुऊन उठताना म्हणाली, "पुढच्या खेपेले परत धावन. उद्या सकाळपासून सुरू करून राहिली."